शिवलकर चामडं शोधतात

आमचे शेजारी शिवलकर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत. पायातल्या चपलेकडे बघतात, मग काखेतल्या पर्सकडे. चामडं दिसलं की दोन बोटांत धरून चोळतात आणि "जाड" किंवा "कडक" एवढंच म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला पायरीवर पंचवीस-तीस जोड पडलेले होते. शिवलकर घरात यायच्या आधी ओणवे होऊन एकेक जोड चाचपत बसले. माझ्या चुलतदिराला वाटलं, चोर आलाय. मी म्हटलं, "चोर नाही, शेजारी आहे. चोर परवडला असता."

हे चामडं त्यांना लागतं अकॉर्डियनसाठी. गळ्यात अडकवून वाजवतात ती पेटी. तिच्या पोटात प्रत्येक सुराला पोलादाच्या दोन पाती असतात. एक भाता ओढताना वाजते, दुसरी दाबताना. जिची पाळी नसेल तिच्यातून वारा गळू नये म्हणून चामड्याची बारीक झडप चिकटवलेली असते. ती मऊ हवी पण लुळी नको, सपाट बसायला हवी पण चिकटून राहायला नको. ऐकून ऐकून मला हे पाठ झालंय. आमच्या दमट हवेत त्या झडपांना बुरशी येते, त्यांचे कोपरे वळतात आणि सूर बसतो.

"वैनी, रत्नागिरीत सूर बिघडत नाय. चामडं बिघडतं," असं ते म्हणतात.

शिवलकर पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते, राहायला अलोऱ्याच्या कॉलनीत. कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात त्यांचे दोस्त हसनमियां अकॉर्डियन वाजवायचे आणि बिघडली की शिवलकर दुरुस्त करायचे. शिवलकरांना स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नाही. लग्नही केलं नाही. बरंच झालं. बायको आली असती तर पहिल्या महिन्यात तिच्या चपला कापल्या असत्या.

चामडं मिळेना तेव्हा त्यांनी दुसरं काय काय करून बघितलं. माझ्या गुडघ्याचा एक्सरे मागून नेला आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. बसल्या छान, पण भाता फिरवला की फटफट वाजायच्या. मला म्हणतात, "वैनी, तुमचा गुडघा कुरकुरतो हो." सुपारीच्या झावळीच्या बुडाला असते त्या विरीचा आतला पापुद्रा काढून लावला, तो दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी वाळून पापडासारखा वळला. मग घोळ माशाच्या पोटातली पिशवी वाळवून लावली. ती फार सरस निघाली म्हणे. पण आळीतली सगळी मांजरं पेटीभोवती येऊन बसली आणि एकाने भाता फाडला. तो शिवायला महिना गेला.

हसनमियां नंतर राजापूरला राहायला गेले. यंदा त्यांच्या मुलाने त्यांना कायमचं कुवेतला बोलावून घेतलं. पेटी बरोबर न्यायची म्हणून त्यांनी ती शिवलकरांकडे पाठवली. जुन्या झडपा काढून नव्या बसवायच्या होत्या. सगळ्या बसल्या. वरच्या टोकाकडचा एक बारीक सूर तेवढा राहिला.

शिवलकरांनी त्याची झडप चार वेळा बदलली. दिवसभर भिंतीपलीकडून मला चींचीं ऐकू यायचं. कुठला सूर कुठला, मला काय कळतंय. शिवलकर पायरीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "नाय बोलत तो. मुकाच."

"एवढे सूर आहेत, एक नसला तर काय झालं?"

"तिकडे कुवेतात त्याला दुरुस्त करून कोण देणार वैनी? पेटी उघडेल तेव्हा म्हणेल, शिवल्याने जाताना मुका सूर बांधून दिला."

हसनमियां निघायला आठवडा उरला होता. शिवलकर जेवेनात. मी पाठवलेली पेज तशीच परत यायची. आणि डोळा माझ्या पर्सवर. माझ्या लेकीने मुंबईहून आणलेली, खऱ्या चामड्याची, मी कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

"बघू नका भावजी. ती मिळणार नाही," मी सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी मीच कात्री घेतली आणि पर्सच्या आतला कप्पा कापून त्यांच्या हातात दिला. दया वगैरे आली नव्हती. त्यांचं ते तोंड रोज सकाळी दारात बघवेना. त्यांनी चामडं बोटांत चोळलं. जाड म्हणाले नाहीत, कडक म्हणाले नाहीत. "हां," म्हणाले.

जायच्या दिवशी हसनमियां रिक्षाने आले. मुंबईची गाडी पकडायची होती, म्हणून रिक्षा दारात उभीच ठेवली. मी चहा घेऊन गेले. हसनमियांनी पेटी गळ्यात घातली आणि खालपासून एकेक सूर वाजवत वर निघाले. शिवलकर त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"थांब. हा बघ, नाय वाजला."

हसनमियांनी परत दाबला. शिट्टीसारखा बारीक, स्वच्छ सूर आला.

"नाय ना?" शिवलकर म्हणाले. त्यांनी पेचकस उचलला. "दे इकडे. अर्ध्या तासात बसवतो. गाडीला वेळ आहे रे."

हसनमियांनी माझ्याकडे बघितलं. गप्प राहा, असं ते बघणं होतं. पण ते मला जन्मात कधी जमलेलं नाही.

"भावजी, सूर वाजतोय," मी म्हटलं. "पहिल्यापासून वाजत होता. भिंतीपलीकडून मला चींचीं यायचं ना, ते हेच. तुम्हालाच ऐकू येत नाही."

शिवलकरांनी पेचकस खाली ठेवला. चहावर साय धरली. मग त्यांनी हळूच विचारलं, "हसन, बाकीचे? मला ऐकू आले ते तरी बरोबर लागलेत ना?"

"शिवल्या, इतक्या वर्षांत तू माझा एक सूर चुकवला असशील तर दाखव."

"म्हणजे झडप बसली होती."

"पहिलीच बसली होती," मी म्हटलं. "माझी पर्स फुकट गेली."

शिवलकर त्यावर हसले नाहीत. स्टूल ओढून हसनमियांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि पेटीच्या लाकडाला कान टेकवला. डोळे मिटले. हसनमियांनी तो सूर दाबला.

"आला," शिवलकर म्हणाले. "लांबून येतोय. पण आला."

हसनमियांनी बोट उचललं नाही. भाता ओढून संपला तसे ते तो उलट दाबायला लागले. सूर तुटला नाही.

"ही दुसरी पात," शिवलकर डोळे मिटूनच म्हणाले.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी जाऊन त्याला सांगितलं, थांब जरा, सामान बांधायचंय.