वायरींची सोयरीक

गुलाबराव कोणतीही वायर जोडण्याआधी तिची चौकशी करत. चष्मा कपाळावर चढवायचा, वायरीचं टोक डोळ्यापाशी धरायचं आणि विचारायचं, "कोणाची वं तू? कुठून आली? कोणाकडे जाऊन राहिली?" वायर काही बोलत नसे. मग तेच बोटांनी चाचपत चाचपत तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात आणि समाधानानं म्हणत, "घर बरं दिसते. जमवा सोयरीक."

माझं नागपुरात बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दुकानामागची खोली मी त्यांना दिली होती. कापडाच्या मिलमधून वायरमन म्हणून रिटायर झालेला माणूस. बायको कधीच गेलेली, लेकरूबाळ नाही. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरचे, त्यामुळे सूत आणि गाठ हा त्यांचा जीव. वायरींची जुडी चिकटपट्टीनं बांधणारा माणूस त्यांच्या लेखी रानटी. ते मेण लावलेल्या सुतानं, टाका टाका घालत बांधायचे. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण खोटी तारीफ करत नाही. जुडी देखणी व्हायची. फक्त उन्हाळ्यात दुरुस्तीला दिलेला टेबलफॅन गिऱ्हाइकाला दिवाळीत मिळायचा.

सगळ्या काळ्या वायरी फिरून बॅटरीच्या मायनसकडे येतात, म्हणून मायनसला ते माहेर म्हणत. जाड वायर सासू, बारीक वायर सून. दोघींना एका जुडीत बांधायचं नाही, "नाही त रोज कुरकुर." ही एक गोष्ट बरोबर आहे, जाड वायरीतला करंट शेजारच्या बारकीच्या कामात लुडबुड करतो, असं पुढं इंजिनिअरिंगच्या पोरांनीसुद्धा सांगितलं. गुलाबरावांच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी चूक असायच्या, पण ते तितक्याच ठसक्यात सांगत.

ही पोरं माझ्याकडे आली ती बॅटरीसाठी. नलू भिवापूरची, होस्टेलात राहायची. कोणाला भीत नसे. सुधाकर रामदासपेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा. तो सगळ्यांना भ्यायचा. "आमच्या यंत्रमानवाला बॅटरी पाहिजे," म्हणाला. यंत्रमानव म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून बाहेर आलो. पाहतो तर काय, पत्र्याचा डबा! मागं दोन चाकं, पुढं एक मोकळं चाक, आणि पोटात ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी.

"याचं मुंडकं कुठं आहे गा?" मी विचारलं.

"मुंडकं लागत नाही, आजोबा," नलू म्हणाली. "याले फक्त पाणी न्यायचं आहे."

कॉलेजात स्पर्धा होती. डब्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा आणि डब्यानं चुन्याच्या रेघेवरून तो पलीकडे न्यायचा. धक्का बसला की पाणी सांडलं. म्हणून एकेका मोटरीला एकेक कंट्रोलर, म्हणजे मोटर हळू फिरवायची की जोरात हे ठरवणारी साबणदाणीएवढी पेटी. पेट्या पोरांनी स्वतः बनवल्या होत्या. जोडणी तेवढी राहिली होती आणि वायरींचा नुसता चिवडा झाला होता. तो पाहून गुलाबराव मागून आले, जसा सुतकाच्या घरी माणूस येतो तसे.

"कोणी केलं हे?"

"मी," सुधाकर म्हणाला.

"बापाले सांगू नको."

झालं. त्या दिवसापासून पोरं रोज संध्याकाळी गुलाबरावांच्या खोलीत. आमच्या मागल्या अंगणात इतकं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. गुलाबराव दुपारपासून दाढी करून बसायचे.

पहिल्यांदा डबा चालवला तेव्हा तो पुढं गेलाच नाही. जागच्या जागी गरगर फिरला आणि ग्लास माझ्या धोतरावर आला. नलूनं लगेच ओळखलं. दोन्ही मोटरींची तोंडं एकमेकींच्या उलट दिशेला. दोघींना सारखी वायर जोडली की एक चाक पुढं ढकलणार, दुसरं मागं.

"एकीच्या वायरी उलट्या लावा, काका."

"जुळ्या बहिणींत दुजाभाव मी करत नसतो," गुलाबराव म्हणाले.

"अहो, डबा फिरून राहिला ना!"

"फिरू दे. प्रदक्षिणा घालून राहिला. शुभ आहे."

यावर दोघं दोन संध्याकाळी भांडली. शेवटी गुलाबराव चहा आणायला गेले तेवढ्यात नलूनं वायरी उलट्या केल्या. परत आल्यावर त्यांनी डबा सरळ जाताना पाहिला आणि म्हणाले, "पाहा, मी म्हणत नव्हतो?"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी डबा खोलीपुढचा अख्खा ओटा पार करून गेला. ग्लासातलं पाणी हललं, सांडलं नाही. सुधाकर नाचला. गुलाबरावांनी टाळी वाजवली, पण त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा दिसत होता. पोरं उद्या डबा घेऊन जाणार होती, आणि त्यानंतर त्यांना इथं यायचं काही कारण उरत नव्हतं.

सकाळी दुकान उघडून मी मागं गेलो. गुलाबराव जमिनीवर बसलेले, मांडीवर कापलेल्या सुताचे तुकडे, आणि डब्याची सगळी जोडणी खोललेली.

"काहून गा गुलाबराव? काल त चांगला चालला!"

"एक सांधा कच्चा वाटून राहिला."

"कोणता?"

ते मांडीवरचे सुताचे तुकडे गोळा करू लागले. चुलीपाशी परातीत पोहे भिजवलेले होते. एकट्याचे नव्हते, तिघांचे होते.

पोरं आली. सुधाकर पांढराफटक पडला. "काका, दुपारी स्पर्धा आहे! हे काय करून ठेवलं तुम्ही?"

गुलाबराव चष्मा पुसत राहिले. मग सुई घेतली, पण सूत सुईत जाईना. नलूनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे. मग ओढणी कमरेला खोचून खाली बसली.

"सुधाकर, पोहे फोडणीले टाक. काका, सूत इकडे द्या."

तिनं स्वतः जोडायला घेतलं. सासू एकीकडे, सून दुसरीकडे, काळ्या सगळ्या माहेरी. एका मोटरीच्या वायरी उलट्या. कोणती वायर कुठं, हे तिनं एकदाही विचारलं नाही. गुलाबराव बाजूला बसून पाहत होते. एकदा तिचा टाका चुकला, त्यांनी बोट पुढं केलं आणि परत मागं घेतलं. तिचा तिनंच तो उसवून पुन्हा घातला.

पोहे खाऊन पोरं डबा रिक्षात घालून गेली. "काका, चला ना," नलू म्हणाली. "गर्दी मले सोसत नाही," म्हणून ते आत गेले. मी मात्र दुकान बंद करून गेलो. बॅटरी माझी होती. डबा सरळ गेला. शेवटी जरासं पाणी सांडलं आणि नंबर दुसरा आला. पहिला का नाही, यावर मी परीक्षकांशी बोलणार होतो, सुधाकरनं धरून ठेवलं.

दिवेलागणीला पोरं डबा घेऊन परत आली. गुलाबराव दारातच उभे होते.

"दुसरा नंबर, काका," नलू म्हणाली. "पण पुढच्या वर्षी म्हणे डबा तिरप्या फळीवरून वर चढवायचा आहे. आतलं सगळं बदलावं लागते. तुम्ही खोलून ठेवा, आम्ही उद्यापासून येतो."

पुढच्या वर्षीचं अजून कोणी काही ठरवलं नव्हतं. मी स्पर्धेला शेवटपर्यंत होतो, मला माहीत होतं.

गुलाबराव वाकले. तिनं बांधलेल्या जुडीवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

"खोलायचं ना, काका?"

"नाही वं," ते म्हणाले. "ते राहू दे. आज नुसते बसा."

खोलीत बसायला एकच खाट होती. मी दुकानातून माझं स्टूल आणलं.