अबाजीकाकांच्या नातीचं नाव

शनिवारी आमचे शेजारी अबाजी झिराडकर चुलीला हात लावत नसत, अन् दुसऱ्याला ‘पेटव’ असंही म्हणत नसत. म्हटलं तर रूल मोडतो. मग ते माझ्या ओट्यावर येऊन आभाळाकडं पाहत म्हणायचे, “काय गारठा पडून राह्यला हो भाऊ! अशात चहा भेटला तं माणूस वाचते.” मी मुकाट्यानं त्यांच्या घरी जाऊन चूल पेटवायचो. भर वैशाखातही या माणसाला गारठाच!

आमच्या आर्वी गावात इस्राएली, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर एकच, त्यांचं. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. घराणं मूळ कोकणातलं; काका इथल्या छोट्या रेल्वेगाडीवर गार्ड म्हणून आले, रिटायर झाले, बायको वारली, तरी इथंच राहिले. बोली आमची उचलली, पण ‘रूल म्हंजे रूल’ काही सुटलं नाही.

लेक रिबका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. तेवढ्यात जावयानं इस्राएलच्या बोटीची तिकिटं काढली. काकांनाही ‘चला’ म्हणाला. काका म्हणाले, “मी कायले येऊ? तिथं पऱ्हाटी होते काय?” घ्या! उभ्या जन्मात या माणसानं कापसाचं एक बोंड तोडलं नव्हतं.

मुंबईच्या व्याह्यांनी कळवलं, बारसं इकडेच करू, इथं आपली मशीद आहे, माणसं आहेत. त्यांच्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणतात. काका हट्टाला पेटले. “नाव माह्याच घरात ठेवीन. पोरगी एकदा गेली का गेली!”

पण मोठ्या प्रार्थनेला दहा इस्राएली पुरुष लागतात. नागपूरची मंडळी येतो म्हणाली. काकांनी मलिद्याची तयारी केली, म्हणजे पोहे, साखर, ओलं खोबरं अन् फळं. नारळ मारुतीच्या देवळापुढून आले.

रविवारी गाडीतून उतरले सातच पुरुष; जावई बोटीच्या कागदपत्रांत मुंबईला अडकलेला, म्हणजे काका धरून आठ. काका ओट्यावर येरझारा घालू लागले. आमच्या गल्लीतला गणपत पहिलवान म्हणाला, “काका, काऊन घाबरता? दोन जनाची जागा मी एकटाच भरतो!”

“रूल म्हंजे रूल,” काका म्हणाले, अन् पुन्हा रस्त्याकडं पाहू लागले. मला तर बघवेना.

इकडं माझ्या बायकोला कसला आलाय रूल! तिनं बाया जमवून बाळ पाळण्यात घातलं अन् पाळणा म्हणायला सुरुवातही केली. काका थबकले, ऐकत राहिले, अन् एकदम म्हणाले, “दहाची राहू द्या. बाकीच्या प्रार्थना करू. सारेच आत या. डोकं झाका फक्त!”

झाली पळापळ! कुणी उपरणं घेतलं, कुणी पंचा. गणपतच्या हाती लागली बाळाची कुंची. तीच बांधून तो पहिल्या रांगेत बसला. नागपूरच्या म्हाताऱ्यांना प्रार्थना म्हणताना हसू आवरेना.

मग काकांनी बाळाच्या कानात ‘सारा’ म्हटलं. ते आधीच ठरलं होतं. पण पाठोपाठ मोठ्यानं म्हणाले, “हे झालं प्रार्थनेतलं. हाकेचं नाव आर्वी.”

“असं कुठं नाव असते काय, बाबा?” रिबका म्हणाली.

काका पाळण्याची दोरी धरून उभे होते. “आपल्या आडनावात झिराड हाय. मी ते गाव पाह्यलं बी नाई. पन लोकं नाव घेत राह्यले, म्हनून ते माहं झालं. तू तिकडं हिले जेवाले हाक मारशीन, खेळातून बोलावशीन. रोज हे गाव तुह्या तोंडी येईन. मी बी आलो समजजो.”

रिबकाला हुंदका आवरेना. तशीच ती पाळण्यावर वाकली. “आर्वी! ए आर्वी!”

“ओ,” काका म्हणाले.