जावईबापूंची बिनछपराची गाडी

"आईंना स्टेशनवरून मीच आणणार! राजेशाही थाट काय असतो, ते एकदा कळू दे त्यांना!" दातांच्या डॉक्टरांनी मेहुण्याला ठणकावलं.

डॉक्टरांची गाडी लालभडक, जुन्या जमान्यातली, बिनछपराची. म्हणजे कापडी छप्पर होतं, पण ते एकदा मागे दुमडलं की नव्या सुनेसारखं रुसून बसायचं! मेहुण्याची मिनीव्हॅन मात्र नवीकोरी. आत सात माणसं ऐसपैस, थंडगार हवा, बटण दाबलं की दार सरकतं. डॉक्टर तिला 'डबा' म्हणत.

स्टेशनवर दोन्ही गाड्या हजर होत्या, पण सासूबाई जावयाचा मान राखून लाल गाडीत बसल्या. बायको सामान घेऊन मुकाट्याने डब्यात शिरली. तिला अनुभव होता.

गाडी सुसाट निघाली.

"जावईबापू, वारा फार आहे हो!"

"हीच तर मजा, आई!"

"अहो, पण माझे केस—"

"उडू देत! कॉलेजातल्या मुलीसारख्या दिसताय!"

सासूबाई एकदम गप्प झाल्या. आनंदाने शब्द फुटत नसेल, असं डॉक्टरांना वाटलं. खरं तर अंबाड्यातलं गंगावन उडालं होतं!

ते मागून येणाऱ्या मिनीव्हॅनच्या काचेवर जाऊन थडकलं. "घूस! घूस!" मेहुणा किंचाळला आणि घाबरून त्याने वायपर चालू केला. गंगावन त्यात अडकलं आणि भर रस्त्यात डावीउजवीकडे झोकात नाचायला लागलं. शेजारची अख्खी बस खिडक्यांना लोंबकळून बघत होती!

डॉक्टर आरशात बघून खदखदले. "आई, डब्यावर मेलेलं मांजर नाचतंय!"

"ते माझं आहे," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा पाय भलतीकडेच पडला. गाडीने आचका दिला आणि ऐन चौकात मान टाकली. निदान आईंचं डोकं तरी झाकावं म्हणून त्यांनी छपराचं बटण दाबलं. छप्पर अर्ध्यावर आलं आणि नांगी उगारलेल्या विंचवासारखं तिथेच अडलं!

सासूबाई डोक्यावर रुमाल धरून उतरल्या आणि डब्यात जाऊन बसल्या. दार अदबीने बंद झालं.

शेवटी मेहुण्याने दोर बांधला. पुढे डबा, मागे लाल गाडी, तिच्यात स्टीअरिंग धरून ताठ मानेने डॉक्टर! अशी वरात दारात पोहोचली.

सासूबाई उतरल्या. अंबाडा आता जागेवर होता. त्यांनी दोराकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"दोर बांधला की कसं निमूट मागे येतं, नाही?"

"गाडीबद्दल म्हणताय ना, आई?"

सासूबाई लेकीकडे बघून गालात हसल्या.

"हो, हो. गाडीसुद्धा!"