पुलाचं सागवान

यंदा पूल असा बांधायचा की नातवंडांनीही त्यावरून गाडी चालवावी, असं जयवंतनं जाहीर केलं होतं. पूल म्हणजे लालबागच्या चाळीमागं वाहणाऱ्या गटारावरचा, दोन हात लांबीचा. त्यावरून आबांची चावीची आगगाडी जायची. आबा म्हणजे जयवंतचे वडील, रेल्वेतले निवृत्त फायरमन. बायको गेल्यापासून म्हातारा त्या गाडीतच काय तो रमे. पण पावसात खोक्याच्या फळ्यांचा पूल कुजला, इंजिन गटारात पडलं, आणि आबांनी बोलणंच टाकलं. गाडी पुसून त्यांनी उशाशी ठेवून दिली.

"जांभळाचं लाकूड घ्या," जयवंतची बायको कालिंदी म्हणाली. "आमच्या गावी विहिरीत तेच घालतात."

"छे! सागवानच. पाऊस म्हणू नकोस, वाळवी म्हणू नकोस, कशालाच दाद देत नाही."

शिवडीकडे मोडीत निघालेल्या जहाजांचं लाकूड विकायला असे. तिथून सागवानाची दणकट फळी घेऊन तो निघाला. परळला पोचतो तो समोर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. वक्त्याला उभं राहायला जागा नव्हती. कुणीतरी जयवंतच्या खांद्यावरची फळी उतरवून दोन पिंपांवर टाकली. वक्ता चढला, मागोमाग चार कार्यकर्ते. फळी तसूभर वाकली नाही. जयवंतचा ऊर भरून आला, तेवढ्यात पोलीस आले आणि सगळे पांगले.

"फळी कुणाची?" हवालदारानं विचारलं.

"माझी."

"कशाला आणलीस?"

"पुलाला."

"कुठल्या पुलाला?"

"रेल्वेच्या."

हवालदारानं त्याचं मनगटच धरलं.

चौकीत जयवंतनं परोपरीनं सांगितलं. पूल दोन हातांचा आहे म्हटल्यावर तर फौजदार जास्तच भडकले. अखेर निरोप मिळून कालिंदी आली. बरोबर आबा, बगलेत पंच्यात गुंडाळलेली गाडी आणि तिचे रूळ. आबांनी कुणाकडं पाहिलं नाही. फळीवर रूळ मांडले, चावी दिली. गाडी खडखडत निघाली. शिपाई जागचे उठले, फौजदार टेबलावरून वाकले. टोकाशी आबांनी इंजिन अलगद झेललं.

"सोडा याला," फौजदार म्हणाले. "फळी मात्र मुद्देमाल. मोर्चाची केस संपेपर्यंत इथंच राहील."

"कधी संपेल, साहेब?"

"ते कोर्टाला ठाऊक."

तिघं घराकडं निघाली. जयवंतची मान वर होईना. कोपऱ्यावर आबा थांबले. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"लाकूड बरं निवडलंस हो," ते म्हणाले. "केस संपेपर्यंत टिकेल."