चार तोळ्यांची घट

दसरा पाच दिवसांवर आला आणि रुपचंदनानांच्या सराफी दुकानातली आगगाडी बंद पडली. भुसावळहून मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली ती विजेवरची खेळण्यातली गाडी काचेच्या कपाटात पाटल्या-बांगड्यांना वळसे घालत धावायची. पोरं ती बघायला थांबत, पोरांसाठी आया थांबत आणि थांबलेल्या आया आत येत. समोरच्या झुलाल सराफाने गेला दसरा या गाडीपायी माशा मारत काढला होता. आता सगळं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे जाणार, हे नानांना स्वच्छ दिसत होतं.

बिघाड होता गाडीचा वेग कमीजास्त करणाऱ्या लोखंडी डब्यात. जळगावात कोणी त्याला हात लावेना. धुळ्याचा लोटन मिस्त्री रेडिओ दुरुस्त करतो, तोच करील, असं कळलं. नाना डबा घेऊन मोटारीत बसले आणि सोबत फडक्यात गुंडाळून चांदी तोलायचा काटा, वजनंही घेतली. जन्मभर बायकांनी समोर बसून, पापणी न लवता त्यांच्या हातांकडे बघितलं होतं. संशय घ्यायची पाळी पहिल्यांदाच त्यांच्याकडे आली होती आणि ती ते वाया घालवणार नव्हते.

"मिस्त्री, आधी वजन. सत्त्याण्णव तोळे. नीट बघून घ्या."

लोटनने कपाळावर हात मारला. "नाना, हाई डबा शे, पाटली नही."

"असू दे. दिलं तेवढं परत पाहिजे. विलायती माल आहे."

डबा उघडताच सडक्या मुळ्यासारखा वास सुटला. आतल्या धातूच्या चकत्या जळल्या होत्या आणि तारेचं वेटोळंही काळं पडलं होतं. लोटन दोन्ही काढून मुंबईचे नवे भाग बसवू लागला. नाना इतके जवळ सरकून बसले की लोटनचं कोपर दोनदा त्यांच्या नाकाला लागलं.

"ती चकती कुठे ठेवली?"

"तुमना समोर शे."

"आणि दुसरी?"

"तुमना मांडीखाल."

अखेर डबा चालू झाला. लोटनने लावून बघितलेला दिवा छान पेटला. नानांनी दिव्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी डबा काट्यावर ठेवला.

"त्र्याण्णव! चार तोळे गेले कुठे?"

"नवा माल हलका येस, नाना. जुनं बठ्ठं तुमले दिधं ना!"

"जुनं तर माझंच होतं. डब्यात चार तोळे कमी भरतात, त्याचं बोला."

"तुमना धंदामा बी घट ऱ्हास ना? आगमा गई म्हणतस. हाई बी आगमाच गई."

"ती सोन्याची घट. इथे चालायची नाही!"

नाना हटेनात. दारात तीन माणसं रेडिओ घेऊन ताटकळत होती. तासाभराने नानांना जळगावच्या शेवटच्या मोटारीची आठवण झाली. 'कशाला हात लावू नका,' असं बजावून ते वेळ विचारायला गेले. तेवढ्यात लोटनने डाग द्यायच्या कथलाचा गोळा घेतला, नानांच्याच काट्यावर चार तोळे मोजला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मेणाने चिकटवून टाकला.

"एक भाग ऱ्हायी जायेल व्हता, नाना. आते मोजा."

सत्त्याण्णव तोळे. गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही. नानांचा चेहरा खुलला. "बघा! ठाण मांडून बसलो म्हणून निघाला की नाही?"

दसऱ्याला गाडी सकाळपासून धावत होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एरंडोलच्या कुंदाबाईंनी पाटल्या घेऊन तिथेच हातात चढवल्या. समोर झुलाल एकटाच गादीवर पंख्याने वारा घेत बसला होता. नाना त्याला दिसेल असे मुद्दाम दारात उभे राहत होते.

दुपारपर्यंत डबा चांगलाच तापला आणि मेण वितळलं. तडतड झाली, धूर निघाला आणि गाडी थांबली. नानांनी सगळ्यांसमोर झाकण काढलं. तारांवर एक पांढरा, चकचकीत गोळा पडला होता. त्यांनी तो उचलला, नखाने खरवडला आणि त्यांचा पारा चढला.

"कथील! वजन भरायला आत कथील दडवलं चोराने!" गोळा उंच धरून ते ओरडले. "काट्यावर बरोबर सत्त्याण्णव तोळे! मी जातिवंत सराफ, तरी मला पत्ता लागला नाही!"

कुंदाबाईंनी आपल्या मनगटांकडे बघितलं आणि एकेक पाटली उतरवली.

"नाना, तुमले समजनं नही, मंग आमले काय समजी?" असं म्हणून त्या उठल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्यामागे दुसरी गेली, तिच्यामागे आणखी चौघी. नाना "अहो, तसं नव्हे, तो डब्याचा विषय," म्हणत दारापर्यंत आले, तोवर दुकान रिकामं झालं होतं.

थोड्या वेळाने झुलाल धापा टाकत स्वतःच आला.

"नाना," तो अदबीने म्हणाला, "तुमना कसोटीना दगड जरासा द्या ना. मना एकच शे आन गर्दी आवरत नही."