अमृतरावांनी हळदीचं माप लावलं

"तीस वर्षं काडतुसात दारू मोजून भरली मी! हळद ती काय, माझ्यापुढं हात जोडून उभी राहील!"

अर्धापूरच्या आपल्या घराच्या ओसरीवर अमृतरावांनी ही घोषणा केली, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी पदराआड हसून घेतलं. त्यांच्या पत्नी सिंधूताई मात्र हसल्या नाहीत. नवऱ्याचा हात त्यांनी पाहिला होता. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस चहात साखर टाकायचा तीही अशी, की दोन कपांतला फरक मुंगीलासुद्धा सापडू नये!

गटाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. लातूरचे व्यापारी व्यंकटराव संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होते. शंभर-शंभर ग्रॅमच्या हळदीच्या पुड्या. माल पुरा आणि बरोबर निघाला तर कायमचं गिऱ्हाईक. नाही तर बायका पुन्हा दुसऱ्यांचे पापड लाटायला मोकळ्या! त्यासाठीच भरायचं यंत्र आणलं होतं. वर हळदीचा डबा, खाली तोटी, बाजूला दांडा. दांडा ओढला की ठरलेली हळद पुडीत पडायची. किती पडायची, ते एका पेचावर.

अमृतरावांनी यंत्राभोवती खडूनं गोल आखला. आत फक्त ते. काडेपेटी बंद, उदबत्ती बंद, मोबाईल अंगणात!

"भाऊजी, हळद हाय ती. फुटत न्हाई!" गटातली नागुबाई म्हणाली.

"पावडर ती पावडर, नागुबाई! तिच्यावर भरवसा टाकायचा न्हाई."

सिंधूताईंना यावर बोलायचं होतं, पण तो गुरुवार होता. गुरुवारी नैवेद्य होईपर्यंत त्यांचं मौन. मौन कडक, कागदावर लिहून सांगणं म्हणजे देवाशी लबाडी, असं त्यांचं मत. सकाळी अंघोळ होताच त्यांनी यंत्राची पूजा केली होती. वजनकाटाही नवाच, त्याला कसं वगळायचं? म्हणून त्याच्या पारड्यावर विड्याचं पान, चिमूटभर तांदूळ आणि वर सुपारीचा गणपती मांडला होता.

अमृतरावांनी काट्याचं बटण दाबलं. देवासकट काट्यानं शून्य दाखवलं.

"शून्य म्हणजे शून्य! देव बसू द्या निवांत."

मग त्यांनी तंबोरा जुळवावा तसा कान लावून पेच जुळवला. दांडा ओढला, पुडी देवाशेजारी ठेवली. शंभर! पुन्हा ओढला. शंभर! बायकांचं हसू थांबलं. सिंधूताईंचा ऊर भरून आला. बोलता आलं असतं तर त्या काहीच बोलल्या नसत्या, इतका!

अमृतराव विजयी चहा प्यायला आत गेले. इकडं गणपती नाकापर्यंत पिवळा झालेला. सिंधूताईंना ते बघवेना. त्यांनी उत्तरपूजा केली, देवाला पान-तांदळासकट उचलून देवघरात नेलं.

अमृतराव परतले. त्यांचे डोळे फक्त पेचावर. सवयीनं आणखी एक पुडी तोलली, तर काटा म्हणतो ऐंशी!

"पावडर बसली! दारू बी अशीच बसायची," ते अनुभवाच्या सुरात म्हणाले, पेच पिळला आणि पुन्हा शंभर आणून दाखवले. "भरा आता!"

दांडा खडखडू लागला. पुड्या भरल्या, चिकटल्या, खोक्यात बसल्या. काम अगदी लग्नाच्या पंगतीसारखं चाललं होतं. मधेच सिंधूताईंनी रिकामं पारडं पुसलं आणि त्यांचा हात थबकला. रिकाम्या पारड्यावर काटा दाखवत होता वजा वीस! म्हणजे देवाच्या वाटचे वीस ग्रॅम प्रत्येक पुडीत जादा निघाले!

त्या धावल्या. खडूच्या गोलाबाहेर उभं राहून त्यांनी नाकापुढं हात लोंबवून सोंड करून दाखवली.

"काय करून राहिलीस?" अमृतराव म्हणाले. "नळी? तोटी तुंबली?"

सिंधूताईंनी जोरजोरात नकाराची मान हलवली, पोटावरून हात फिरवून मोठ्ठं पोट दाखवलं.

"बघा! हिला लांबून कळलं! तोटी तुंबून डबा फुगून राहिलाय!"

"न्हाई हो भाऊजी, ताईला भूक लागली असंल!" नागुबाई म्हणाली.

तोवर अमृतरावांनी तोटीत लोखंडी सळई घातली होती. सळई गेली, पण बाहेर येईना. ओढली, पिळली, ठोकली. शेवटी डबा उलटला आणि ओसरीभर असा पिवळा धुरळा उडाला, की खंडोबाच्या जत्रेलाही लाज वाटावी!

त्याच वेळी नागुबाई पोत्यात डोकं घालून ओरडली, "अगं बाई! हळद संपली, अन् खोकी अजून रिकामी हायत!"

सिंधूताईंनी घाईघाईनं गुळाच्या खड्याचाच नैवेद्य दाखवला आणि हळू आवाजात तोंड उघडलं. "अहो, काट्यावरचा गणपती मी उचलला होता."

अमृतरावांनी काट्याकडं बघितलं. वजा वीस! त्यांना देवावर रागावता येईना, अन् बायकोवर धाडस होईना. "मग... सगळ्या पुड्या जड?"

"एकूण एक."

यंत्राच्या घशात सळई. टेम्पो निघालेला! अमृतरावांनी रिकामा काटा पुन्हा शून्यावर आणला, टोपी काढली, मांडी घातली आणि चमचा उचलला. पुड्या फोडायच्या, जास्तीची हळद काढायची, त्यातून नव्या पुड्या भरायच्या. अन् काय सांगावं! त्यांच्या चमच्यातून पडणारी हळद काट्यावर शंभरच्या शंभर! बायका बघत राहिल्या. सिंधूताईंनी तर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ही खरी बोटं! पेचाबिचाची मिजास उगाचच.

टेम्पो दारात आला, तेव्हा शेवटचं खोकं चिकटत होतं. व्यंकटरावांनी पुड्या तोलल्या. वजन चोख. मग पिवळ्याधमक मिशांच्या अमृतरावांकडं त्यांचं लक्ष गेलं.

"हातानं भरली का सगळी?"

"ते यंत्र जरा..." अमृतरावांनी सुरुवात केली.

"हाव! एकूण एक पुडी हातानं!" नागुबाईनं मधेच टाकलं.

"लई झकास! लातूरचं गिऱ्हाईक हेच मागून राहिलंय. पुडीवर तसं छापा. भाव वाढवून देतो, पुढच्या खेपेला दुप्पट माल घेतो. पण यंत्राला हात लावायचा न्हाई, कबूल?"

"कबूल!" बायका एका सुरात ओरडल्या.

टेम्पो गेला. सिंधूताईंनी कौतुकानं नवऱ्यापुढं चहा ठेवला. अमृतराव बराच वेळ चमचा उलटसुलट करून बघत होते. मग त्यांचे डोळे चमकले.

"याच्या दांड्याला एक छोटासा पेच बसवला ना, तर..."

नागुबाई उठली, घरातला पाना आणि पेचकस पदरात बांधला आणि मागं न बघता आपल्या घरी चालू लागली.