दादारावांच्या खिशातला फ्यूज

आमचे शेजारी दादाराव बाहेर निघाले की घरातली वीज खिशात घालून निघत. मीटरखाली चिनी मातीचा पांढरा मेन फ्यूज असतो ना, तोच. तो उपसला की सगळं घर मुकं. दादाराव वसमतच्या मोंढ्यात हळदीची तोलाई करत, त्यामुळे त्यांचा फ्यूज बारा महिने नवरदेवासारखा पिवळा असायचा.

एकदा लग्नाच्या पंगतीत ते वाढायला वाकले आणि फ्यूज थेट एका व्याह्याच्या वरणात पडला. "दचकू नका पाव्हणं, आमच्या घरची लाइट हाये," म्हणत त्यांनी तो धुऊन धोतराला पुसला. सगळी गल्ली त्यांना कंजूष समजायची.

खरं कारण त्यांची बायको, आमच्या वच्छलाकाकू. त्यांची दृष्टी पार गेली होती आणि त्या भिंती चाचपत घरभर वावरायच्या. एका पावसाळ्यात ओल्या बोर्डाला हात लागला आणि झटक्यानं फेकल्या गेल्या. फ्यूजची तार स्वतः जळून घर वाचवते म्हणतात, पण दादारावांचा तेवढ्यावर विश्वास बसेना.

"काका, नुसता मेन खटका बंद केला तरी भागतंय की. फ्यूज काहून काढता?" मी विचारलं.

"खटक्याचा भरोसा न्हाई. तिचा हात लागला तर चालू व्हईल. माझ्या खिशापोत्तर तिचा हात पुरत न्हाई."

काकू हसायच्या. "नेऊ दे रे त्यांना. मला अंधार नि उजेड बराबरच." संध्याकाळी उंबऱ्याशी पावलं वाजली की आतल्या काळोखातून त्या विचारायच्या, "आलात का?" मग फ्यूज जागेवर जायचा आणि दिवा लागायचा.

थंडीत काकू गेल्या. मला फार वाईट वाटलं. जलदानविधी झाला आणि दादाराव पुन्हा मोंढ्यात जाऊ लागले.

एका दुपारी त्यांच्या रिकाम्या घरात दिवा जळताना दिसला. दुःखात माणूस विसरला असेल, म्हणून मी मोंढा गाठला. "काका, फ्यूज काढायचा राहिला तुमचा!"

त्यांनी काट्यावरचं पोतं खाली घेतलं. सवयीनं हात खिशाकडे गेला. खिसा रिकामाच होता.

"राहिला न्हाई, ठेवलाय," ते म्हणाले. "आता कोणाला झटका बसून राहिला? सांजच्याला घरी जातो तर 'आलात का' म्हणाया कोणी न्हाई. दिवा तरी असू दे."